बिरडं तुझं, कानवले त्याचे: घरचे पदार्थ पुढच्या पिढीकडे कसे सोपवावेत

घरातला एखादा पदार्थ पुढच्या पिढीने करत राहावा असं वाटत असेल, तर तो नुसता शिकवून भागत नाही. शिकवलेलं विसरलं जातं, कारण करणारं माणूस घरात असतंच. आजी आहे, आई आहे, मग मी कशाला करू? म्हणून पदार्थ मुलांच्या नावावर करून द्यावा लागतो. त्या दिवसापासून तो घरात झाला तर त्यांनी केला म्हणून होईल, त्यांनी नाही केला तर होणार नाही. बाजारहाट त्यांची, निवडणं-सोलणं त्यांचं, मीठ कमी पडलं तर तेही त्यांचं. आमच्या घरी हे असं चाललं आहे आणि नीट चाललं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही सीकेपी, म्हणजे चांद्रसेनीय कायस्थ प्रभू, ठाण्याच्या चरईत राहणारे. निवृत्त होईपर्यंत मी एका शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होते, त्यामुळे तराजू, मोजपात्र आणि नोंदवही यांच्यावर माझा फार विश्वास. मुलगा-सून घणसोलीला राहतात, पुतण्या घोडबंदर रोडला. वालाचं बिरडं, म्हणजे मोड आणून सोललेल्या वालांची उसळ, नातीच्या नावावर आहे. ती आता नववीत आहे. खाजाचे कानवले, म्हणजे पदर सुटणाऱ्या करंज्या, पुतण्याचे. शेवळं, ही पावसाळी रानभाजी, सुनेने स्वतः मागून घेतली. माझ्याकडे सोड्यांची, म्हणजे सुकवलेल्या कोलंबीची, खिचडी आणि निनाव हा गोड पदार्थ एवढंच राहिलं आहे, आणि निनावावर धाकट्या नातवाने हक्क सांगितला आहे.

कोणते पदार्थ आधी

सगळं स्वयंपाकघर एकदम देता येत नाही. मी उद्या अंथरुणाला खिळले तर घरातून कोणते पदार्थ बंद होतील, ते एका कागदावर लिहून काढलं. पुरणपोळी त्यात आली नाही. आमच्या नौपाड्यात पुरणपोळी बरी विकत मिळते, उकडीचे मोदकही मिळतात. त्या गोष्टी हरवणार नाहीत. सोललेल्या वालाचं, दाणा अख्खा राहिलेलं बिरडं, काकडं ही आंबट-तुरट रानफळं घालून केलेली शेवळाची भाजी, पदर सुटलेले कानवले, नारळाच्या दुधातला निनाव हे मात्र लिहिलं. तुमच्या घरची यादी वेगळी असेल. आगरी-कोळी घरात ती सुक्या मासळीने सुरू होईल, देशावरून आलेल्या घरात कदाचित येसराने, म्हणजे आमटीच्या भाजक्या धान्य-मसाल्याच्या पिठाने. यादी लहान ठेवा. पाच-सहा पदार्थ पुष्कळ झाले.

मग मुलांना विचारा, तेही एकेकट्याला गाठून. सगळे जमलेले असताना विचारलं की मुलं मोठ्यांना आवडेल ते उत्तर देतात. प्रश्न असा विचारा: कुठला पदार्थ घरात व्हायचा थांबला तर तुला चुकल्यासारखं होईल? पुतण्याला मी सोड्यांची खिचडी द्यायची ठरवली होती, त्याने कानवले सांगितले. मग कानवलेच दिले. ज्याला जे खावंसं वाटतं तेच तो पुढे करतो, यात वाद घालण्यात अर्थ नाही.

सोप्यापासून सुरुवात करावी असं सगळे सांगतात. मला ते पूर्ण पटत नाही. मोठ्या मुलांना अवघड पदार्थ द्यावा. पोहे-उपमा कुणालाही येतो, त्यात आपलं असं काही वाटत नाही. कानवल्यांत तूप फेटून साटा करा, पोळ्या लाटून त्यावर तो फासा, गुंडाळी करा, कापा, प्रत्येक लाटी पदर न दाबता पुन्हा लाटा, आणि मंद आचेवर धीराने तळा. पुतण्या संगणकाच्या कंपनीत आहे, त्याला हीच किचकट शिस्त आवडली. लहान मुलांना उलट लांबलचक पदार्थ द्यावा, ज्यात छोटी छोटी कामं पुष्कळ आहेत आणि धोका कमी आहे. बिरडं तसं आहे.

बिरडं: शुक्रवारची रात्र ते रविवारची दुपार

एक पदार्थ अथपासून इतिपर्यंत कसा सोपवायचा ते बिरड्यावरून सांगते, कारण हा मी नातीबरोबर अगदी पायरीपायरीने केला.

पाव किलो कडवे वाल पाच-सहा माणसांना पुरतात. दुकानात 'कडवे वाल' असं स्पष्ट मागायचं. शुक्रवारी रात्री जेवणं झाली की मुलीने वाल ताटात घेऊन निवडायचे, भोक पडलेले, सुरकुतलेले काढायचे, दोन-तीन पाण्यांनी धुऊन भरपूर पाण्यात भिजत घालायचे. पाण्यावर तरंगतात ते फेकायचे. हे दहा मिनिटांचं काम आहे आणि पाच वर्षांच्या मुलालाही जमतं. नात या कामाला लागली ती त्याच वयात.

शनिवारी सकाळी वाल उपसून, धुऊन सुती फडक्यात घट्ट बांधायचे आणि चाळणीत ठेवायचे, खाली ताट. ठाण्याच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात रात्रीपर्यंत मोड डोकावतात. डिसेंबर-जानेवारीत रविवार सकाळ उजाडते. हवा दमट असेल तर दुपारी एकदा गाठोडं सोडून वाल धुवावेत आणि पुन्हा बांधावेत, नाहीतर आंबूस वास धरतो. ही दुपारची आठवण मी नातीला कधी करून देत नाही. तिच्या फोनवर तिने गजर लावला आहे, आणि आठवण ठेवणं हाच सोपवण्यातला मोठा भाग आहे. मोड अर्ध्या सेंटीमीटरचे झाले की पुरे.

रविवारी सकाळी मोड आलेले वाल कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवायचे. सालं सैल होतात. वाल अंगठा आणि तर्जनीत धरून टोकाकडून हलकेच दाबला की दाणा निसटून हातात येतो. जे फुगलेच नाहीत ते गणंग. ते बाजूला काढायचे, शिजत नाहीत. लहान मुलं सोलता सोलता दाणे तोंडात टाकतात, ते टाकू द्यायचे नाहीत. वाल कच्चे खायचे नसतात.

सोलायला तासभर लागतो. या तासासाठी टीव्ही बंद आणि सगळ्यांचे फोन दुसऱ्या खोलीत. घरातले सगळे ताटाभोवती बसतात, मुलगासुद्धा. मुलांना समोर बसवून 'आता तुम्हाला आपल्या घराण्याची गोष्ट सांगते' म्हटलं की ती पाच मिनिटांत उठतात. हात गुंतलेले असले की तीच मुलं आपण होऊन विचारतात. नातीने असंच विचारलं होतं, आपल्याकडे एवढे वाल का खातात? मग तिला सांगितलं की तिची खापरपणजी अलिबागकडची. तिकडे भात कापून झालं की शेतात उरलेल्या ओलीवरच वाल पेरतात, वेगळं पाणी द्यावं लागत नाही. म्हणून तिकडच्या घरांत वालांचा साठा वर्षभराचा, आणि सासरी आलेल्या मुलींबरोबर ते ठाण्यात आले. हे तिने लक्षात ठेवलं आहे. भूगोलाच्या पुस्तकातली रब्बी पिकं तिला पाठ करावी लागली नाहीत.

आता शिजवणं. अर्ध्या नारळाचं ओलं खोबरं, चमचाभर जिरं, तीन-चार हिरव्या मिरच्या आणि मूठभर कोथिंबीर यांचं बारीक वाटण. पातेल्यात तेल तापवून हिंग, हळद, मग बारीक चिरलेला कांदा गुलाबीसर परतायचा. त्यावर सोललेले वाल घालून अगदी हलक्या हाताने उलथन्याने खालवर करायचे. वाल बुडतील इतकं गरम पाणी घालायचं, वर खोलगट ताट झाकून ताटात पाणी ठेवायचं. आच मंद. आतलं पाणी कमी पडलं तर ताटातलं तापलेलं पाणीच ओतायचं. पंधरा-वीस मिनिटांत दाणा बोटांनी दाबला तर दबतो, पण पातेल्यात अख्खा दिसतो. तिथे वाटण, मीठ, गूळ घालायचा आणि सगळ्यात शेवटी आमसुलं.

आमसुलं शेवटीच का, हे मुलांना आवर्जून सांगा. आंबट आधी पडलं तर दाणा मऊ व्हायला फार वेळ लागतो, कधी कधी होतच नाही. कारण कळलं की मूल ती पायरी विसरत नाही, आणि पुढे राजमा किंवा मटकी करतानाही तेच वापरतं. माझी आई 'आंबट नंतर' एवढंच म्हणायची. आजच्या मुलांना 'का' सांगावं लागतं, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही.

वयाप्रमाणे कामं वाढवत न्या. निवडणं आणि सोलणं लहानपणी, वजन करणं आणि वाटण मिक्सरमध्ये लावणं आठ-नऊ वर्षांनंतर, सुरी अकरा-बारानंतर, गॅससमोरची फोडणी त्याहून पुढे आणि सुरुवातीला मोठं माणूस शेजारी असतानाच. विळीचा हट्ट मी धरत नाही. मला विळीवरच चिरता येतं, नातीला सुरी-पाटावर येतं, कांदा दोन्हीकडे सारखाच बारीक होतो.

मूठ तोलायची कशी

जुन्या बायकांना प्रमाण विचारलं की 'अंदाजाने' हे उत्तर येतं. त्यांना थांबवून चमच्याने मोजायला लावलं तर त्यांचा हातच अडखळतो आणि चव बिघडते. सासूबाई होत्या तेव्हा मी प्रयोगशाळेतली साधी युक्ती केली. स्वयंपाकाआधी मिठाचा डबा, गुळाचा डबा, तिखटाचा डबा, तेलाचं भांडं एकेक करून तोललं आणि वजनं लिहून ठेवली. त्यांनी नेहमीसारखं हाताने घातलं. स्वयंपाक झाल्यावर डबे पुन्हा तोलले. जो फरक आला ते त्यांचं प्रमाण. त्यांना कुणी मधे टोकलं नाही. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा घरगुती इलेक्ट्रॉनिक काटा यासाठी पुरतो.

असं दोन-तीन वेळा करून सरासरी काढा, कारण एकाच दिवसाच्या वजनावर भरवसा ठेवता येत नाही. पाव किलो वालांच्या बिरड्याचा आमचा हिशेब असा निघाला: मीठ बारा ग्रॅम, गूळ पंचवीस ते तीस ग्रॅम, आमसुलं पाच-सहा. सासूबाईंची 'वाटी'ही मी पाण्याने भरून मोजली. ती १५० मिलिलिटरची निघाली, आणि बाजारात मिळणारा मोजायचा कप २४० चा असतो. म्हणजे नातीने त्यांच्या 'एक वाटी'साठी तो कप भरला असता तर दीडपटीहून जास्त जिन्नस पडला असता. घरातली जुनी वाटी मोजून तिच्यावर आकडा लिहून ठेवा.

वजनाखेरीज खुणा लिहाव्या लागतात. आमच्या वहीत प्रत्येक पदार्थाच्या पानावर तीन रकाने आहेत: काय घ्यायचं, झालं हे कशावरून ओळखायचं, आणि असं का. दुसरा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. 'रवा खमंग भाजा' याने नवख्याला काही कळत नाही. 'रवा उलथन्यावरून सुटा गळू लागतो, हाताला हलका लागतो, वास शेजारच्या खोलीत येतो, रंग मात्र पांढराच असतो' याने कळतं. करणाऱ्या माणसाला प्रत्येक थांब्यावर विचारा: आत्ता तू काय बघितलंस? कशाची वाट बघतेस? उत्तर आलं की त्यांच्याच शब्दांत लिहा.

जिन्नसाचं नावही पुरतं लिहा. आईच्या वहीत खिचडीला नुसता 'तांदूळ' आहे. आमच्या घरी तो वाडा कोलम. वाडा तालुका २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता, त्यामुळे आईला वेगळं लिहायची गरज वाटली नसेल. या तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आता घेताना ते नाव बघून मागता येतं. दुसरा तांदूळ घेतला की पाण्याचं प्रमाण बदलतं आणि मुलांना वाटतं आपलंच चुकलं.

व्हिडिओ करत असाल तर चेहऱ्याचा करू नका, हातांचा करा. फोन खांद्याच्या उंचीवर धरून पातेल्याच्या आत कॅमेरा जाऊ द्या. मागे गाणं लावू नका, फोडणीचा आवाज ऐकू आला पाहिजे. कौटुंबिक ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ सणांच्या शुभेच्छांखाली गाडला जातो, म्हणून प्रत्येक पदार्थाचा वेगळा फोल्डर करून दोन ठिकाणी ठेवा. वही मात्र हवीच.

बाजारापासून सुरुवात

पदार्थ सोपवताना बहुतेक जण गॅसपाशी सुरुवात करतात. अर्धा पदार्थ बाजारातच ठरलेला असतो. मुलांना पिशवी धरायला नेऊ नका, निवडायला न्या, आणि पैसे त्यांच्या हातात द्या.

शेवळं याचं उत्तम उदाहरण. पहिल्या पावसाच्या आसपास जांभळी नाक्याच्या बाजारात आणि स्टेशनच्या वाटेवर आदिवासी बायका शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात, शेजारी काकडांचे हिरवे वाटे. मोसम थोड्या आठवड्यांचा. माझी सून नागपूरची. तिने ही भाजी लग्नानंतर पहिल्यांदा खाल्ली आणि दुसऱ्या वर्षी म्हणाली, 'आई, ही माझ्याकडे द्या.' तिला मी आधी बाजारात नेलं. जुडी कोवळी आणि मिटलेली हवी, फार उमललेली नको. विकणारीलाच विचारायचं, कालची की आजची. त्या बायका भाजी कशी साफ करायची तेही सांगतात, आणि त्यांच्याइतकं ते कुणालाच ठाऊक नसतं.

शेवळं सुरणाच्या जातकुळीतली. त्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे टोकदार सूक्ष्म स्फटिक असतात, म्हणून घशाला आणि हाताला खाज सुटते. हाताला तेल चोळून बसायचं, वरचं आवरण काढायचं, आतला पिवळा दाणेदार भाग पूर्ण काढून टाकायचा. उरलेलं बारीक चिरून तेलात चांगलं परतायचं. काकडं ठेचून, उकळून त्यांचं आंबट-तुरट पाणी गाळून भाजीत घालायचं. काकडं मिळाली नाहीत तर चिंच. मग कोलंबी किंवा खिमा, आणि भाजी पूर्ण शिजेपर्यंत चव बघायची नाही. हे काम लहान मुलांना देऊ नका. त्यांनी बाजारात यावं, बघावं, खावं. ज्याला आपण स्वतः कधी साफ करताना पाहिलेलं नाही अशी कुठलीही रानभाजी वहीवरून किंवा व्हिडिओवरून करायला घेऊ नये, हे मी मोठ्यांनाही बजावून सांगते.

सोड्यांचं वेळापत्रक वेगळं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्यामुळे पावसाळ्याची सुकी मासळी मेअखेर घरात यायला हवी. आम्ही चेंदणी कोळीवाड्यातल्या ओळखीच्या मावशींकडून घेतो. सोडा कडक हवा, रंगाने केशरी-गुलाबीसर, नाकाला झोंबणारा वास नको. घरी आणून एक दिवस कडक ऊन द्यायचं आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरायचे. माझ्यामागून ही ओळख पुढे चालावी म्हणून पुतण्याची मावशींशी गाठ घालून दिली आहे. चांगला विकणारा माणूस हाही वारशातच धरा.

मसाल्यासाठी वाशीचं एपीएमसीचं मसाला मार्केट. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरच्या गाडीने सहज जाता येतं, आणि एप्रिल-मेमध्ये मुलांना सुट्टीही असते. बेडगी रंगाला, संकेश्वरी किंवा लवंगी तिखटाला. मुलांना मिरची हातात घेऊन मोडायला सांगा. कोरडी मिरची कडकन मोडते, दमट मिरची वाकते आणि पुढे बुरशी धरते. वाळवायला सोसायटीच्या गच्चीची परवानगी आधीच काढून ठेवा. कुटून आणल्यावर बरणीत भरायचा आणि वर हिंगाचे खडे. मिरचीच्या कामानंतर मुलांना हात नीट धुवायला लावा, डोळ्यांना लावू देऊ नका.

सोपवल्यावर खुर्चीत बसा

मोठ्यांसाठी ही सगळ्यात अवघड पायरी आहे. पदार्थ दिल्यावर पहिल्या वेळी तुम्ही करा, त्यांनी बघावं. पुढच्या वेळी दोघांनी मिळून. त्यानंतर त्यांनी करायचं आणि तुम्ही स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसायचं, हात मांडीवर. विचारलं तरच सांगायचं. अपवाद फक्त भाजण्या-कापण्याच्या धोक्याचा. गूळ जास्त पडतोय असं दिसलं तरी बोलायचं नाही. जेवताना तिचं तिला कळतं आणि पुढच्या वेळेला ती स्वतः वहीत बदल करते. आपण चमचा हातात घेतला की पदार्थ पुन्हा आपला झाला.

पहिल्या काही वेळा पाहुणे बोलावू नका. आणि पानात वाढल्यावर 'आजीसारखं नाही झालं' हे वाक्य घरात कुणीही उच्चारायचं नाही, अशी ताकीद मी मुलाला आणि यजमानांना देऊन ठेवली होती. विचारायचं ते असं: यात काय कमी वाटतंय, तुलाच सांग.

सणाशी किंवा मोसमाशी पदार्थ बांधून टाका, म्हणजे 'कधीतरी करू' हा विषय राहत नाही. आमची शेवळं मृगात, बिरडं आणि निनाव श्रावणात, कानवले दिवाळीत, खिचडी आषाढात. दसऱ्याच्या सुमारास मी पुतण्याला एकच विचारते: खोबरं कधी आणतोस?

मुलगेही यात हवेत, हे वेगळं सांगायला लागू नये, पण लागतं. मुलीलाच द्यायचं ठरवलं तर अर्धी पिढी तुम्ही आधीच गाळलीत. आणि घरात आलेल्या सुनेला फक्त सासरचं शिकवू नका. आमच्या सुनेच्या पाटवडीच्या रश्श्याचं पान वहीत आहे, तिच्या आईच्या प्रमाणासह, आणि तो मोठ्या नातवाच्या नावावर आहे. त्यासाठी तिची आई नागपूरहून आली तेव्हा आम्ही डबे तोलले होते.

काय बदललं तरी चालेल

लांब राहणाऱ्या, नोकरी करणाऱ्या मुलांना आपल्या वेळची सगळी सोपस्कारं जमणार नाहीत. त्यामुळे प्रत्येक पदार्थाच्या पानावर वरतीच लिहून ठेवा की यात काय बदलायचं नाही. बिरड्याच्या पानावर आहे: वाल सोललेलेच हवेत आणि दाणा अख्खा राहिला पाहिजे. बाकी कांदा घाला न घाला, नारळाचं दूध घाला, वाल आठवड्याआधी सोलून फ्रीजरमध्ये ठेवा, सगळं चालेल. बाजारात सोललेले वाल विकत मिळतात तेही आणा, परीक्षेच्या दिवसांत नात तेच आणते. प्रेशर कुकर मात्र नको, त्यात दाणा फुटतो.

निनाव पूर्वी खाली-वर निखारे ठेवून भाजत. बेसन, कणीक, गूळ, नारळाचं दूध आणि तूप यांचं मिश्रण शिजवून घट्ट करायचं, जायफळ-वेलची घालायची, थापून वरून खरपूस भाजायचं. आता ओव्हनमध्ये १८० अंशांवर तीस-चाळीस मिनिटांत वरचा थर तांबूस होतो. मला ओव्हनचा निनाव आवडतो. तो सगळीकडे सारखा भाजला जातो. नारळाचं दूध मात्र घरी काढलेलं, ही त्या पानावरची अट.

घरात कुणीच घ्यायला तयार नसेल, किंवा मुलं परदेशी असतील आणि वाल-शेवळं मिळत नसतील, तर पदार्थ रक्ताच्या नात्यापुरता अडकवून ठेवू नका. सोसायटीतली, ऑफिसातली, भाच्याची मैत्रीण, जिला आवड आहे तिला द्या, त्याच पद्धतीने: बाजार, डबे तोलणं, खुर्ची. आमच्या मजल्यावर जळगावची एक मुलगी भाड्याने राहते. ती सोलायला येऊन बसू लागली आणि आता स्वतःच्या घरी बिरडं करते. तिने आमसुलाऐवजी चिंच घातली, तेही चांगलं लागलं. तिला एकच सांगितलं, वाल घेताना यंदाचेच आहेत ना ते विचारून घे, जुन्यांत गणंग फार निघतात.